बंद केलेल्या गायरानात गवत आधी वाढले, मग घटले. अशा शास्त्राला विज्ञान म्हणावे का?

अंबाजोगाई तालुक्यातील, परिसंस्थाशास्त्र (इकॉलॉजी, म्हणजे जीव आणि त्यांचा परिसर यांच्या संबंधांचे शास्त्र) शिकणाऱ्या एका पदव्युत्तर विद्यार्थ्याने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. बालाघाटच्या डोंगररांगेतील त्याच्या गावाने 2018 मध्ये गायरानाचा साधारण निम्मा भाग चराईसाठी बंद केला. पहिली तीन वर्षे गवत जोमाने वाढले, मारवेल हे चाऱ्याचे चांगले गवत पुन्हा दिसू लागले. मात्र 2022 पासून गवत विरळ होत गेले आणि वेडी बाभूळ हे काटेरी झुडूप जागोजागी उभे राहिले. कारण विचारले तेव्हा एका प्राध्यापकांनी सांगितले की निसर्ग आपला समतोल साधतो आहे, वाट पाहा. दुसऱ्यांनी सांगितले की मुळात बंदी घालणे हेच चुकले. तिसरे म्हणाले की हे सगळे परिस्थितीवर अवलंबून असते. भौतिकशास्त्र शिकणारा त्याचा खोलीतला मित्र यावर म्हणतो की ज्या विषयात एकही नियम नाही आणि ज्याचे प्रत्येक उत्तर ‘अवलंबून आहे’ असे येते, त्याला फार तर नोंदी ठेवणे म्हणता येईल, विज्ञान म्हणता येणार नाही. विद्यार्थ्याने कुंपणाच्या आत 40 आणि बाहेर 40 ठरावीक मापाच्या चौकटी जमिनीवर टाकून त्यांतल्या गवताचे वजन केले आहे आणि फरक ठळक आला आहे; तरीही मित्राला काय उत्तर द्यावे हे सुचत नाही, असे तो लिहितो.

या प्रश्नात दोन निराळ्या तक्रारी एकमेकींत गुंतल्या आहेत. मित्राची तक्रार नियमांबद्दल आहे. तुमची खरी अडचण, मला वाटते, वेगळी आहे: तीन जाणकारांनी तीन उत्तरे दिली आणि त्यांतले कोणते चूक हे ठरवण्याची रीत तुमच्या हाती नाही. एखादा विषय विज्ञान आहे की नाही याची कसोटी मी तिथे लावतो. कशावर अवलंबून आहे, कोणत्या दिशेने, आणि तसे नसते तर जमिनीवर काय वेगळे दिसले असते, हे आधी सांगता आले तर ‘अवलंबून आहे’ हे वैज्ञानिक विधान ठरते. सांगता आले नाही तर ती पळवाट आहे, मग ती कितीही अनुभवी माणसाने काढलेली असो. तुमचे गायरान मी पाहिलेले नाही. मातीचा थर किती जाड आहे, मुरूम कुठे उघडा पडला आहे, बंदी खरोखर पाळली गेली की रात्री शेळ्या आत जात होत्या, एखाद्या उन्हाळ्यात वणवा लागला होता का, या गोष्टींवर माझे उत्तरही अवलंबून राहील. ते कसे, हे ओघात येईलच.

पहिल्या प्राध्यापकांच्या उत्तरामागे एक जुनी आणि भारदस्त कल्पना उभी आहे. अमेरिकेतील फ्रेडरिक क्लेमेंट्स यांनी 1916 मध्ये अनुक्रमणाचा, म्हणजे एका जागेवरच्या वनस्पती क्रमाक्रमाने बदलत जाण्याचा, सिद्धान्त विस्ताराने मांडला. त्यांच्या मते वनस्पतींचा समुदाय एखाद्या सजीवासारखा असतो. तो जन्मतो, वाढतो आणि त्या प्रदेशाच्या हवामानाने ठरवून दिलेल्या परिपक्व अवस्थेला, म्हणजे चरम समुदायाला, पोहोचतो. चराई, आग, कुऱ्हाड हे या वाटेवरचे अडथळे होत, आणि अडथळा दूर केला की वाटचाल आपोआप पुन्हा सुरू होते. चराईबंदीच्या कितीतरी योजनांच्या पोटात हेच न बोललेले गृहीतक असते. हेन्री ग्लीसन यांनी 1917 मध्ये आणि पुन्हा 1926 मध्ये याच्या अगदी उलट मांडणी केली. प्रत्येक जाती आपापल्या गरजेप्रमाणे आणि बी कुठे पडले त्या योगायोगाप्रमाणे वाढते, आणि एकत्र दिसणाऱ्या जातींना समुदाय म्हणणे ही पाहणाऱ्याने केलेली गोळाबेरीज आहे, असे त्यांचे म्हणणे होते. त्या काळी त्यांचे फारसे कोणी ऐकले नाही. पुढे 1950 च्या दशकात रॉबर्ट व्हिटेकर यांनी ग्रेट स्मोकी पर्वतांत उंची आणि ओलावा जसजसा बदलत जातो तसतशा झाडांच्या नोंदी घेतल्या, तेव्हा जाती गटागटाने एकदम सुरू होऊन एकदम संपत नाहीत, प्रत्येकीचा चढउतार बराचसा स्वतंत्र असतो, असे दिसले.

‘समुदाय ही खरी वस्तू आहे काय’ हा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या वर्गात शोभणारा आहे, पण त्याचे उत्तर टेकडीवर शोधता येते, आणि मला या विषयाची गोडी तिथेच लागली. माथ्यावरच्या उघड्या मुरुमापासून पायथ्याच्या काळ्या मातीपर्यंत दोरी ताणा आणि ठरावीक अंतरावर चौकट टाकत उतरा. कुसळी गवत उथळ, मुरमाड जागी दाट भेटेल, मारवेल ओल धरणाऱ्या खोल मातीकडे वाढत जाईल, आणि मधल्या पट्ट्यात दोन्ही मिसळलेली असतील. क्लेमेंट्स बरोबर असतील तर उतारावर दोन-तीन जागी बऱ्याच जाती एकदम बदलायला हव्यात. ग्लीसन बरोबर असतील तर जातींच्या सीमा उतारभर विखुरलेल्या दिसायला हव्यात. दख्खनच्या माळांवरच्या माझ्या नोंदी बहुतेक ग्लीसन यांच्या बाजूने पडतात. अपवाद तिथे सापडतो जिथे बेसाल्टचा थर उघडा पडून मातीच अचानक बदलते. तिथे चार पावलांत गवत बदलते, पण त्याचे श्रेय समुदायाच्या एकजुटीला नसून खालच्या खडकाला आहे. उतारावर माती हळूहळू बदलत असताना जाती मात्र एकदम बदलल्या, तर मला माझे मत बदलावे लागेल.

या वादात आर्थर टॅन्सली यांनी 1935 मध्ये ‘परिसंस्था’ ही संकल्पना आणली. समुदायाला सजीव मानणे त्यांना मान्य नव्हते, पण माती, पाणी, हवा आणि जीव यांच्यातील देवाणघेवाण सोडून नुसत्या जातींच्या याद्या करणेही त्यांना अपुरे वाटत होते. त्यांच्या मांडणीतला मला सर्वांत उपयोगी वाटणारा भाग सहसा शिकवला जात नाही: परिसंस्था ही अभ्यासासाठी आपण मनाने वेगळी काढलेली असते, अशा परिसंस्था एकमेकींत शिरलेल्या असतात, आणि त्यांच्या सीमा अंशतः आपण आखलेल्या असतात. तुमच्या बाबतीत याचा अर्थ असा की तारेचे कुंपण ही ग्रामपंचायतीची सीमा आहे, प्रत्येक प्रश्नाची सीमा नव्हे. प्रश्न पाण्याचा असेल तर ओढ्याचे पाणलोट क्षेत्र धरावे लागेल. प्रश्न लांडग्याचा असेल तर कित्येक गावांच्या शिवांचा पसारा धरावा लागेल. प्रश्न वेड्या बाभळीचा असेल तर सीमा शेळीच्या पायांनी ठरते, कारण जनावरे तिच्या गोड शेंगा खातात आणि बी लेंडीतून किंवा शेणातून चांगले रुजण्याच्या स्थितीत बाहेर पडते. म्हणजे शेंग खाल्ल्यापासून लेंडी टाकेपर्यंत जनावर जितके चालले तितके ते क्षेत्र. कोणतेही एकच मोजमाप सर्व प्रश्नांना पुरत नाही, ही गोष्ट सायमन लेव्हिन यांनी 1992 मध्ये या शास्त्राचा मध्यवर्ती प्रश्न म्हणून मांडली, आणि ती आता बहुतेकांना मान्य आहे.

आता समतोलाकडे येतो. लोकांना ही कल्पना सोडवत नाही, आणि त्यात नवल नाही, कारण तिला धार्मिक श्रद्धेचा आधार आहे. पण शास्त्राच्या आत तिच्यावर फार लवकर शंका घेतली गेली. चार्ल्स एल्टन यांनी 1930 मध्येच लिहिले की निसर्गाचा समतोल अस्तित्वात नाही आणि कदाचित कधी नव्हताही. तरीही जितक्या जाती अधिक तितकी व्यवस्था स्थिर, हा समज पुढची कित्येक वर्षे टिकला. 1972 मध्ये रॉबर्ट मे यांनी गणिताने दाखवले की जातींमधील संबंध यादृच्छिक, म्हणजे कोणत्याही रचनेविना जुळलेले, असतील तर जाती आणि त्यांच्यातील दुवे वाढत गेल्यावर व्यवस्था अधिक अस्थिर होते. यातून जैवविविधता घातक आहे असा निष्कर्ष निघत नाही, कारण खरी अन्नजाळी यादृच्छिक नसतात. प्रश्नाचे रूप मात्र बदलले: स्थैर्य असते हे धरून चालण्याऐवजी ते कोणत्या रचनेमुळे येते, हे दाखवण्याची जबाबदारी बोलणाऱ्यावर आली. ‘निसर्गात प्रत्येक जीवाला नेमून दिलेले काम असते’ या वाक्यालाही हेच लागू आहे. नैसर्गिक निवड समुदायाच्या सोयीसाठी कोणाला कामाला लावत नाही.

भरतपूरचे उदाहरण तुमच्या दुसऱ्या प्राध्यापकांच्या बाजूचे आहे, म्हणून ते नीट पाहायला हवे. राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात 1982 मध्ये म्हशींची चराई बंद करण्यात आली. विरोध हिंसक झाला, माणसे दगावली. जनावरे पाणथळ जागेचे नुकसान करतात, ती हटवली की पाखरे वाढतील, अशी अपेक्षा होती. म्हशी गेल्यावर पाण्यातले पास्पालम गवत बेसुमार वाढले, उघडे पाणी झाकले गेले, आणि बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या दीर्घ अभ्यासातून असे पुढे आले की म्हशींची चराई ते गवत आटोक्यात ठेवत होती. पण यावरून ‘चराईबंदी चूक’ असा सरसकट नियम काढणे म्हणजे पहिल्या प्राध्यापकांचीच चूक उलट दिशेने करणे होय. भरतपुरात पाणी मुबलक होते आणि गवताला वाढीचा अडथळा फक्त चरणाऱ्या तोंडांचा होता. बालाघाटच्या मुरमाड टेकडीवर गवताला पहिला अडथळा पावसाचा असतो. अडथळा कोणता, यावर बंदीचा परिणाम अवलंबून असतो. आणि हे ‘अवलंबून’ तपासता येण्याजोगे आहे.

पावसाची अनिश्चितता मोठी असलेल्या कुरणांबद्दल 1980 च्या दशकाच्या अखेरीस विचारांचे वळणच बदलले. एलिस आणि स्विफ्ट यांनी 1988 मध्ये केनियातील तुर्काना भागाच्या अभ्यासावरून मांडले की अशा प्रदेशात जनावरांची संख्या आणि गवत एकमेकांना तोलून धरत नाहीत. लागोपाठचे दुष्काळ दोघांनाही खाली आणतात, आणि चराईचा परिणाम या चढउतारात बराचसा बुडून जातो. पुढच्याच वर्षी वेस्टोबी, वॉकर आणि नॉय-मेयर यांनी ‘अवस्था आणि संक्रमण’ हे मॉडेल मांडले. कुरण एका सरळ जिन्याने वर-खाली जात नाही, त्याच्या अनेक टिकाऊ अवस्था असू शकतात, आणि एकीतून दुसरीत जाण्यासाठी विशिष्ट घटना लागतात, असे ते सांगते. मराठवाड्याला हे मॉडेल क्लेमेंट्स यांच्या जिन्यापेक्षा अधिक बसते असे माझे मत आहे. त्याचा व्यवहारातला अर्थ कठोर आहे: काटेरी झुडपांची अवस्था एकदा जमून बसली की ज्या कारणाने ती आली ते कारण काढून घेतल्याने ती जात नाही. जनावरांनी बी आणले असेल, पण जनावरे बंद केल्याने जमिनीत पडलेले बी परत जात नाही. ‘वाट पाहा’ हा सल्ला या मॉडेलनुसार निव्वळ निरुपयोगी नाही, तर हानिकारक आहे, कारण बाभूळ तेवढ्या वेळात आणखी खोल मुळे धरते.

इथवरचे थोडक्यात सांगायचे तर: समुदाय ही घट्ट वस्तू नाही, परिसंस्थेची सीमा प्रश्नानुसार आखावी लागते, आणि समतोल हे गृहीतक आहे, मिळालेला निष्कर्ष नव्हे. मग तुमचा मित्र विचारेल की उरले काय? त्याच्या बाजूने आमच्याच घरातले लोक बोलले आहेत. रॉबर्ट पीटर्स यांनी 1991 मध्ये हे शास्त्र भाकिते करण्यात कमी पडते अशी पुस्तकभर टीका केली, आणि जॉन लॉटन यांनी 1999 मध्ये समुदायांच्या अभ्यासात इतके योगायोग गुंतलेले असतात की तिथे उपयोगी सामान्य नियम क्वचितच सापडतात असे स्पष्ट म्हटले. मला ही टीका अर्धी पटते. काही नियम आहेत, पण ते बहुधा काय घडू शकत नाही हे सांगतात. रेमंड लिंडमन यांनी 1942 मध्ये ऊर्जेच्या हिशेबाने दाखवले की अन्नसाखळीच्या प्रत्येक पायरीला वरच्या पायरीकडे जाणारी ऊर्जा घटते. म्हणून तुमच्या माळावर लांडगे ज्या जनावरांवर जगतात त्यांच्यापेक्षा लांडग्यांचे एकूण वजन अधिक टिकणार नाही, हे मी न पाहता सांगू शकतो. लांडगे किती असतील हे मात्र त्यातून निघत नाही. वावटळीत उडालेले पान कुठे पडेल हे तुमच्या मित्राला गुरुत्वाकर्षणाचा नियम पाठ असूनही सांगता येणार नाही, आणि त्यामुळे भौतिकशास्त्राला कोणी कमी लेखत नाही. फरक एवढाच की त्याला प्रयोगशाळेत वारा बंद करता येतो. आम्हाला बहुतेक वेळा वाऱ्यासकटच काम करावे लागते.

दुसऱ्या प्रकारचे नियम अटींसह येतात, आणि त्यांचे उत्तम उदाहरण कापसाच्या शेतात आहे. पहिल्या महायुद्धात एड्रियाटिक समुद्रातील मासेमारी घटली, आणि त्या काळात बाजारात येणाऱ्या माशांत शार्कसारख्या भक्षक माशांचा वाटा वाढलेला उंबेर्तो दान्कोना यांना दिसला. त्यांचे सासरे, गणितज्ञ विटो व्होल्टेरा यांनी 1926 मध्ये याचे गणित मांडले: भक्षक आणि भक्ष्य या दोघांनाही सारख्याच रीतीने मारणारे काहीही थांबले की भक्षकाचा फायदा होतो, आणि सुरू झाले की भक्ष्याचा. फवारणी हे तसेच मारणे आहे. कीटकनाशक किडीलाही मारते आणि तिला खाणाऱ्या मित्रकीटकांनाही मारते, म्हणून काही फवारण्यांनंतर कीड पूर्वीपेक्षा वाढलेली दिसते. कॅलिफोर्नियातील लिंबूवर्गीय बागांत 1888 च्या सुमारास ऑस्ट्रेलियातून आणलेल्या एका ढालकिड्याने खवलेकिडीला जवळजवळ संपवले होते. 1940 च्या दशकात तिथे डीडीटी मारल्यावर ढालकिडे मेले आणि कीड उसळून परत आली. आता अटी पाहा. किडीवर मुख्य वचक मित्रकीटकांचा असला पाहिजे, आणि औषध दोघांपर्यंत पोहोचले पाहिजे. शेंदरी बोंडअळी, जिने 2017 मध्ये आपल्याकडे कापूस उद्ध्वस्त केला, ती बोंडाच्या आत राहते. तिथे औषधही नीट पोहोचत नाही आणि मित्रकीटकांचा वचकही मुळात कमी. तिच्याबाबतीत व्होल्टेरांचा नियम वापरून भाकीत करणारा माणूस नियम न समजता वापरतो आहे. मावा किंवा पांढऱ्या माशीबाबत तो विचारात घ्यायलाच हवा.

याच कारणाने मी विद्यार्थ्यांना कोणतेही मॉडेल ‘खरे की खोटे’ असे विचारू देत नाही. रिचर्ड लेव्हिन्स यांनी 1966 मध्ये म्हटले होते की व्यापकता, वास्तवाशी जवळीक आणि आकड्यांतील काटेकोरपणा हे तिन्ही एकाच मॉडेलमध्ये एकदम मिळवणे जमत नाही; एक सोडावे लागते. व्होल्टेरांचे समीकरण व्यापक आहे, पण त्यावरून पुढच्या महिन्यात झाडामागे किती अळ्या असतील हे काढता येणार नाही. तालुक्यासाठी केलेले पीकनिहाय मॉडेल तो आकडा कदाचित देईल, पण ते विदर्भात नेले की कोसळेल. कोणते मॉडेल कशासाठी केले आहे हे न विचारता दोघांची तुलना करणारे वाद या शास्त्रात फार झाले आहेत आणि बहुतेक निष्फळ ठरले आहेत.

आता तुमच्या 80 चौकटी. वाईट वाटून घेऊ नका, पण गायरान बंद केल्याचा परिणाम काय, या प्रश्नापुरता तुमच्याकडे आत एक आणि बाहेर एक असा नमुना आहे. बंदी एकदाच घातली गेली, एकाच जागी. आतल्या 40 चौकटी म्हणजे 40 बंद गायराने नव्हेत. त्या एकाच गायरानाकडे 40 वेळा पाहणे आहे. आतली बाजू आधीपासूनच खोल मातीची असेल तर फरक मातीचा असेल, आणि चौकटी 400 केल्या तरी तो अधिकच ठळक दिसेल. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी 1984 मध्ये प्रसिद्ध शोधनिबंध तपासून दाखवले की ही छद्म-पुनरावृत्ती नावाजलेल्या संशोधकांच्या कामातही सर्रास होती. दुसरी अडचण त्याहून साधी आहे. बाहेर तुम्ही जे वजन केले ते उगवलेले गवत नव्हे, जनावरांनी खाऊन उरलेले गवत आहे. बाहेर खरोखर किती उगवते हे कळण्यासाठी पावसाळ्याच्या सुरुवातीला काही जागांवर जाळीचे पिंजरे ठोकून ठेवावे लागतात आणि दर महिन्याला ते हलवावे लागतात. तोवर ‘आत जास्त, बाहेर कमी’ या निष्कर्षात चराईने गवत कमी उगवते हे सिद्ध होत नाही. जनावरे गवत खातात एवढेच सिद्ध होते.

घट का झाली याची मला तीन कारणे संभवनीय वाटतात. पहिले पाऊस. तुमच्या महसूल मंडळाच्या पावसाच्या नोंदी काढा. 2018 दुष्काळी होते, 2020 आणि 2021 मध्ये मराठवाड्यात भरपूर पाऊस झाला. म्हणजे सुरुवातीची वाढ बंदीमुळे झाली असे आपण समजतो तिच्यात पावसाचा मोठा वाटा असू शकतो, आणि हे दोन्ही परिणाम एकाच वेळी आल्यामुळे मागे वळून वेगळे करता येणार नाहीत. पण 2022 मध्येही पाऊस कमी नव्हता, त्यामुळे त्या वर्षाची घट केवळ पावसावर ढकलता येत नाही. दुसरे कारण, साचलेले जुने गवत. चरले नाही, कापले नाही, जळले नाही, तर वाळलेल्या काडीचा थर वर्षागणिक जाड होतो आणि नव्या फुटव्याला उजेड मिळत नाही. तिसरे, वेडी बाभूळ गवताचा उजेड आणि ओल दोन्ही घेते.

या तिघांत निवड करण्यासाठी आधी मे महिन्यात जाऊन गवताचे ठोंब बोटांनी उकलून पाहा. गुदमरलेल्या ठोंबाचा मधला भाग करडा, कुजकट झालेला असतो, हाताने ओढला तर मुळाशी तुटून येतो, आणि जिवंत डोळे फक्त कडेच्या रिंगणात राहतात. केवळ पावसाअभावी सुकलेल्या ठोंबात असा मेलेला गाभा आणि वर काडीचा दाट थर ही जोडी सहसा नसते. शिवाय घट कुठे आहे ते नकाशावर मांडा. बाभळीच्या बुंध्याभोवती वर्तुळात गवत गेले असेल आणि दोन झाडांच्या मधल्या मोकळ्या जागेत टिकले असेल तर तिसऱ्या कारणाकडे बोट जाते. 2021 मध्ये जिथे गवत सर्वांत दाट होते तिथेच पुढे सर्वांत जास्त घटले असेल तर दुसऱ्याकडे. सर्वत्र सारखेच घटले असेल तर पावसाकडे, किंवा ज्याचा मी विचार केलेला नाही अशा एखाद्या चौथ्या कारणाकडे.

निरीक्षणाने संशय एकवटतो. कारण ठरवायला हस्तक्षेप लागतो. रॉबर्ट पेन यांनी वॉशिंग्टनच्या किनाऱ्यावर खडकाच्या एका पट्ट्यातून तारामासे हटवत राहून 1966 मध्ये दाखवले की ते नसले तर शिंपले जागा बळकावतात आणि इतर जाती कमी होतात. नुसते पाहत बसून हे कळले नसते. पण प्रयोग अशक्य असला तरी हात टेकायचे कारण नाही. गावाबाहेर मेलेली जनावरे टाकण्याच्या जागेवरून गिधाडे नाहीशी झाली तेव्हा देशभराचा प्रयोग कोणी करू शकत नव्हते, आणि एखादा विषाणू असावा हा संशय बळकट होता. 2004 मध्ये पाकिस्तानातील मृत गिधाडांच्या तपासणीत मूत्रपिंड निकामी होणे आणि अवयवांत डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधाचे अंश सापडणे ही सांगड दिसली. ते औषध दिलेल्या जनावरांचे मांस खाऊ घातलेली गिधाडे त्याच लक्षणांनी मेली. ज्यांच्यात ती लक्षणे नव्हती त्यांच्यात औषधही नव्हते. वेगवेगळ्या दिशांनी आलेले पुरावे एकाच जागी मिळाले, आणि 2006 मध्ये भारताने जनावरांसाठीचे ते औषध बंद केले. या साखळीत ‘अवलंबून आहे’ म्हणायला फारशी जागा उरत नाही, हे तुमच्या मित्राला जरूर सांगा.

एक गोष्ट मात्र कोणताही प्रयोग सांगणार नाही: गायरान कसे असावे. दूधवाल्याला मारवेल हवे, शेळ्या राखणाऱ्याला झुडूप चालते, सरपण वेचणाऱ्या बाईला वेडी बाभूळ नकोशी नाही, आणि सरकारी दफ्तरात हे सगळेच पडीक असते. माळरान म्हणजे बिघडलेले जंगल हे गृहीतही तपासण्यासारखे आहे. जुन्या मराठी साहित्यातील झाडाझुडपांच्या उल्लेखांवरून पश्चिम महाराष्ट्रातील माळराने कित्येक शतके माळरानेच होती असे अभ्यासकांनी अलीकडे मांडले आहे. तुमच्या प्रबंधात ‘ऱ्हास’ असे लिहाल तेव्हा कोणाच्या अपेक्षेच्या मानाने, हे त्याच वाक्यात लिहा. परीक्षक कुरकुरले तरी हरकत नाही.

प्रयोगाची मांडणी अशी करा. तुमच्या आणि शेजारच्या गावांच्या बंद भागांत, एकमेकांपासून दूर, सहा ते आठ जागा निवडा. प्रत्येक जागी चार सारखे तुकडे आखा: एकाला हात लावायचा नाही, एकात बी गळून गेल्यावर डिसेंबरच्या सुमारास गवत कापायचे, एकात बाभूळ मुळासकट खणून काढायची, आणि एकात दोन्ही करायचे. नुसती तोडलेली बाभूळ पुन्हा फुटते, त्यामुळे खणण्याचे कष्ट टाळू नका. कोणत्या तुकड्यात काय करायचे हे चिठ्ठ्या टाकून ठरवा, नाहीतर हात आपोआप सोयीच्या तुकड्याकडे जातो. बंद नसलेल्या गायरानात पिंजरे लावा. जूनपूर्वी प्रत्येक कारणानुसार काय दिसायला हवे ते तारखेसह वहीत लिहून मार्गदर्शकांची सही घ्या. जुन्या 80 नोंदीही टाकून देऊ नका. बंदीचा परिणाम त्यांतून सिद्ध होत नसला, तरी त्या जागा अजून ओळखता येत असतील तर तिथे लोखंडी खुंट्या ठोका आणि तिथलेच वजन पुन्हा घ्या; आतल्या घटीचा नकाशा काढायला लागणारी सुरुवातीची नोंद तुमच्याकडे आधीच तयार आहे.